साधी पोटदुखी

गावाने छायाचं नाव 'एकशेआठ' ठेवलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. मांडवखेड तसं वाईट गाव नाही, अडीअडचणीला धावून येतं. पण धावून आल्यावर जे पाहिलं ते पुढे वर्षभर चघळायची त्याला खोड आहे. छाया पाण्याला गेली की नळावर कुणीतरी बारीक आवाजात भोंगा वाजवायचं आणि बायका पदरात तोंड लपवून खिदळायच्या. हे नाव ठेवलं प्रभाकररावांनी. शाळेतून रिटायर झाल्यापासून मारुतीच्या पारावर बसून लोकांना नावं ठेवणं हीच त्यांची नोकरी होती, आणि ह्या नोकरीत त्यांनी कधी रजा घेतली नव्हती.

झालं होतं एवढंच. गेल्या दिवाळीच्या आसपास छायाची लेक सोनम कच्चे पेरू खाऊन पोट धरून लोळायला लागली. नवरा ओमप्रकाश आर्वी डेपोत एसटीचा ड्रायव्हर, तो ड्यूटीवर. छाया घाबरली आणि तिने १०८ नंबर लावून अॅम्ब्युलन्स बोलावली. निळा दिवा फिरवत गाडी गावात शिरली, अर्धं गाव गोळा झालं, सासू विमलाबाईंनी तर गळाच काढला. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने सोनमचं पोट दाबून पाहिलं, एनिमा द्यायला सांगितलं, आणि थोड्याच वेळात पोरगी बिस्किटं मागायला लागली. डॉक्टर चिडला. "बाई, ही कॅज्युअल्टी आहे. इथे मरायला टेकलेली माणसं येतात. साध्या पोटदुखीसाठी तुमच्या भागात आरोग्य केंद्र नाही का? तिथे का नाही दाखवलं?" सगळ्या खोलीसमोर तो हे बोलला. मागच्याच स्ट्रेचरवर ट्रॅक्टरखाली सापडलेला एक माणूस कण्हत होता. त्याच्या बायकोने छायाकडे एकदा मान वळवून पाहिलं. ते पाहणं छाया पुढे कधी विसरली नाही.

डॉक्टरचं चुकलं असं तिला वाटलंच नाही. उलट तिने मनाशी खूणगाठ बांधली, साध्याला केंद्र आणि मोठ्याला वर्धा. फक्त साधं कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोटदुखी काही कपाळावर नाव लिहून येत नाही. ओमप्रकाशला डेपोतले सोबती चिडवू लागले तेव्हा त्यानेही एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "यापुढं गाडी बोलवाच्या आंधी मले फोन करत जाय. उगाच तमाशा नको." छायाने मान हलवली. ती गरीब स्वभावाची नव्हती, पण हसण्याला भ्यायची. मारणाऱ्याचा हात धरता येतो, हसणाऱ्याचं तोंड कसं धरणार?

यंदाची कोजागिरी शनिवारी आली. शेतात सीतादहीची पूजा करून, धुऱ्यावर म्हणजे बांधावर दहीभात ठेवून, वेचणीला सुरुवात झाली होती आणि पहिल्या वेच्याचा कापूस अजून ओलसर होता, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत पसरून ठेवला होता, गुडघ्याएवढा. कापूस घरात आला की त्याच्यासोबत दोन पाहुणे येतात. एक म्हणजे उंदीर, आणि दुसरी खाज. घरातलं लहानमोठं सगळं माणूस अंग खाजवत असतं, पोरांच्या मानेवर-कानांवर लाल पुरळ उठतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पोरांना तर त्या ढिगावर उड्या मारण्यापुढे खाजेचं भानच राहत नाही.

त्या रात्री पोरींनी भुलाबाईची शेवटची गाणी म्हटली, डब्याचं झाकण न उघडता खिरापत ओळखायचा खेळ झाला. त्यात सोनमचा हात कुणी धरू शकत नसे; डबा नुसता हलवून ती सांगायची, "मुरमुरे!" किंवा "खोबऱ्याची वडी!" मग चांदण्यात आटवलेलं दूध पिऊन झाल्यावर तिने हट्ट धरला की मी कापसावरच झोपणार. छायाने झोपू दिलं. आपण स्वतःही लहानपणी तशाच झोपलो होतो, ह्यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही.

रविवारी उजाडलं तेव्हा सोनम उठून बसली होती.

"आई, पोट दुखते."

"कुठी?"

"सारंच दुखते. आन् नरडंबी दुखते."

चुलीपाशी बसलेल्या विमलाबाई तिथूनच म्हणाल्या, "आटोलं दूध हाये ते. रातभर जागून ढसाढसा पेलं, पोट दुखन नाई तं काय होईन? ओवा दे वं तिले, आन् निजू दे."

छायाने ओवा दिला. पोरीने तो चावला आणि लगेच ओकली. उलटीत दूधच दिसलं, म्हणून दोघी बायांना बरंच वाटलं. पडलं एकदाचं बाहेर. छायाने तिचं तोंड धुतलं, केस मागे सारले. उजव्या कानाच्या पाळीला खाजवून लाल केलेलं होतं, त्यात बारीक ठिपके होते. मानेवरही तसंच पुरळ होतं, दंडावरही होतं. छायाने बोटावर खोबरेल घेऊन सगळ्या पुरळाला लावलं, कानालाही लावलं.

"आई, डोये उघडतच नाई."

"रातभर जागल्यावर कसे उघडतीन? निज आता."

तिला बाजेवर टाकून, माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर ओढणी घालून छाया दुधाची पातेली घासायला परसात गेली. बुडाला लागलेलं दूध खरवडताना ती स्वतःशी गुणगुणतही होती. पुढे कित्येक महिने हे गुणगुणणं तिला आठवायचं आणि आपल्याच तोंडावर मारून घ्यावंसं वाटायचं.

पातेली पालथी घालून ती आत आली तेव्हा ऊन अंगणात पसरलं होतं. तिने ओढणी काढली. सोनम झोपलेली नव्हती. डोळ्यांच्या पापण्या अर्ध्यावर पडल्या होत्या आणि त्या उचलण्यासाठी पोरगी कपाळाला आठ्या घालत होती, भुवया वर ताणत होती.

"आई," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, सर्दीने नाक बंद झाल्यावर येतो तसा गेंगाणा होता. "आई, तू दोन दोन दिसून राह्यली."

विमलाबाई हसल्या. "घ्या! एक माय पुरत नोती, आता दोन दोन पायजेत."

छायाला हसू आलं नाही, राग आला. कशाचा राग ते तिला तेव्हा कळलं नाही. तो भीतीचा राग होता. भीती मनात शिरत होती आणि तिला ती शिरू द्यायची नव्हती, कारण ती शिरली की पुन्हा अॅम्ब्युलन्स, पुन्हा निळा दिवा, पुन्हा त्या डॉक्टरसमोर उभं राहणं आलं.

"नाटकं नको करू सोनम," ती ओरडली. "मांगच्या खेपेले तुह्यापायी सारं गाव हासलं मले. आता पुन्हा हासवतं का लोकाइले?"

छायाने मग जरा नरमून वाटीत दूध घेतलं आणि तिला टेकवून बसवलं. "घे, दोन घोट घे, बरं वाटते." पोरीने घोट घेतला. तो खाली उतरला नाही. दूध तिच्या नाकातून बाहेर आलं आणि ती घुसमटली, आणि खोकायचा प्रयत्न करत राहिली, पण खोकलाही येईना.

छायाच्या हातून वाटी पडली.

आता तिला खरी भीती वाटली. तिने ओमप्रकाशला फोन लावला. रिंग जात राहिली. तो नागपूरच्या रस्त्यावर गाडी हाकत असणार, आणि गाडी हाकताना तो फोन उचलत नसे, हे तिला माहीत होतं. पुन्हा लावला. मग तिने एक दाबला, शून्य दाबला, आणि आठावर अंगठा अडला. माणसाला जीव सगळ्यात प्यारा असतो म्हणतात ते खोटं आहे. चारचौघांतलं नाक त्याहून प्यारं असतं. मूल समोर घुसमटत असताना ह्या बाईला क्षणभर नळावरचा तो भोंगा ऐकू आला. क्षणभरच. पण आला.

तिने फोन कमरेला खोचला, पोरीला उचललं आणि उघड्या डोक्याने बाहेर धावली. सोनमची मान तिच्या खांद्यावर टिकत नव्हती, मागे कलंडत होती.

पारापाशी श्रावणचा ऑटो उभा होता. वेचणीच्या बायका शेतात सोडून तो परत आला होता आणि पारावर बसलेल्या प्रभाकररावांकडून तंबाखू घेत होता. प्रभाकररावांनी लांबूनच पाहिलं आणि सवयीने आवाज चढवला. "काय वं एकशेआठ, आज इतवारीबी ड्यूटी लागली का?"

छाया जवळ आली तेव्हा त्यांना पोरीचं तोंड दिसलं. तंबाखू मळणारा हात तसाच राहिला.

"काय झालं वं तिले?"

"मले नाई समजून राह्यलं, काकाजी. पोट दुखे म्हणे. आता गिळताच येत नाई तिले." छायाने श्रावणकडे पाहिलं. "भाऊ, गाडी काढ."

"कुठी नेतो, वहिनी? वर्ध्याले?"

हाच तर प्रश्न होता. वर्धा उगवतीला, आणि श्रावणच्या खटाऱ्याने जायचं म्हणजे तासाच्या वर. पिंपळधरीचं आरोग्य केंद्र मावळतीला, नाल्याच्या पलीकडे, अगदी जवळ. पण ते उलट्या दिशेला. तिथे जाऊन परत फिरायचं म्हणजे तेवढा वेळ वाया.

"पिंपयधरीले कायले जातं?" प्रभाकरराव उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजातली थट्टा पार गेली होती. "आज इतवार हाये. केंद्राले कुलूप रायते. सूनबाई, माह्यं आयक, सिद्दी वर्ध्याले ने."

श्रावण म्हणाला, "हाव, कुलूपच रायते."

छाया ऑटोत बसली. सोनमच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती, पण कशीबशी, वर यायला वेळ लावत होती. तिला त्या कॅज्युअल्टीचं दार दिसलं, तो तरुण डॉक्टर दिसला, तिथे का नाही दाखवलं, असं विचारणारा.

"पिंपयधरी," ती म्हणाली.

नंतर गावाने ह्या निर्णयाचं फार कौतुक केलं. बाईचं डोकं बघा म्हणाले, बाईची हिंमत बघा. कसलं डोकं आणि कसली हिंमत! छायाने पिंपळधरी निवडली ती त्या डॉक्टरच्या धाकाने. पोरगी मरेल ह्याची भीती आणि पुन्हा कुणी रागावेल ह्याची भीती, दोन्ही तिच्या छातीत एकदमच धडधडत होत्या, आणि कोणती कोणती हे तिचं तिलाही निवडता येत नव्हतं. जगात किती चांगल्या गोष्टी अशा भलत्याच कारणाने घडतात, त्याचा हिशेब न केलेलाच बरा.

नाल्यावरच्या खड्ड्यांतून ऑटो आपटत गेला. छाया सोनमला हाका मारत होती. सोनम आधी 'अं' करायची, मग 'अं' पण बंद झालं.

केंद्राच्या पुढच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं. जाळीमागे रिकामा वऱ्हांडा, रिकामी बाकडी, आणि भिंतीवर ओपीडी रविवारी बंद असल्याची पाटी. आवारात एक शेळी कुंपणाचा पाला खात होती. छायाने जाळी धरून गदगदा हलवली. "कोनी हाये का वं? ओ सिस्टर! ओ मॅडम!" कुणी आलं नाही.

"म्या सांगतलंच होतं," श्रावण म्हणाला. तोही रडकुंडीला आला होता. "वहिनी, बसा, पलटवतो मी गाडी. वेळ नका घालवू."

छाया वळली. पोरीला घेऊन दोन पावलं ऑटोकडे गेलीही. आपण आपल्या हाताने लेकरू मारलं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि तेवढ्यात इमारतीच्या मागून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली.

मागून! तिच्या डोक्यात लख्ख झालं. मागे दार आहे. बाळंतिणींचं दार. ते कधी बंद नसतं. ती स्वतः त्या दाराने आत गेली होती, पोटात कळा घेऊन, आणि त्याच दाराने सोनमला कुशीत घेऊन बाहेर आली होती. अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायांना ते दार ठाऊक होतं, आणि पुरुषांना फक्त पुढची जाळी आणि तिचं कुलूप. पण ते दार फक्त बाळंतपणासाठी, असं तिच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की तापाला, चावण्याला, मरायला टेकलेल्यालाही तिथून आत जाता येतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

ती इमारतीला वळसा घालून धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत ड्यूटीवरच्या नर्स, चंचल सिस्टर, बसल्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि समोरच्या क्वार्टरच्या दिशेने ओरडल्या, "मॅडम! लवकर या!" कुकर चढवलेल्या क्वार्टरमधून ओले केस तसेच पंच्यात गुंडाळून केंद्राच्या डॉक्टर काजल पळत आल्या.

त्यांनी सोनमच्या पापण्या वर केल्या. सोडल्या. पापण्या पुन्हा खाली पडल्या.

"काय होतंय हिला? कधीपासून?"

"सकायी पोट दुखे. मंग ओकली. मंग डोये उघडेनात. मले वाटलं जागरन झालं..."

"रात्री कुठे झोपली होती?"

"घरीच."

"घरात कुठे, ताई? पलंगावर की खाली?"

"खाली. कापसावर."

डॉक्टरचा हात थांबला. त्यांनी सोनमची मान, हात, पायाची बोटं पाहिली, मग कान उलटा करून उजेडात धरला. खोबरेल चकाकत होतं. त्याखाली पुरळ, आणि पुरळात बारीक ठिपके. कोणता खाजेचा आणि कोणता नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"मण्यार असेल," त्या सिस्टरना म्हणाल्या. "साप चावलाय, ताई, हिला. झोपेत."

"साप?" छायाला कळेचना. "साप चावला अस्ता तं ते वरडली अस्ती ना मॅडम! रगत आलं अस्तं!"

"मण्यारीचं कळतसुद्धा नाही. सूज नाही, आग नाही. सकाळी पोट दुखतं, मग हळूहळू सगळं अंग लुळं पडतं. सकाळपासून म्हणालात ना?"

"हाव."

डॉक्टरने पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणं छायाला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

सलाईन लागलं, त्यात सापाच्या विषावरचं औषध गेलं, दंडात आणखी एक सुई गेली. सिस्टरनी वर्ध्याला न्यायला अॅम्ब्युलन्सला फोन केला. आणि हे सगळं चालू असतानाच सोनमची छाती वर यायची थांबली. छायाच्या डोळ्यांदेखत थांबली. ओठ निळसर पडले. डोळे मिटलेले, हात बाजूला पडलेला, बोटं सैल.

दारात उभ्या श्रावणने डोक्यावरची टोपी काढली. "गेली," तो पुटपुटला. "गेली वं पोट्टी."

"कोण म्हणालं गेली?" डॉक्टर काजल एवढ्या जोरात ओरडल्या की श्रावण मागे सरला. त्यांनी सोनमच्या तोंडानाकावर मुखवटा दाबून बसवला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला. छाती वर आली. सोडला, खाली गेली. पुन्हा दाबला. "ताई, रडू नका, इकडे या, डोक्यापाशी. माझ्याकडे बघा. हिचे डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, श्वास घेता येत नाही. पण आतून ही जागी आहे. झोपलेली नाही, बेशुद्ध नाही. सगळं ऐकते आहे. आत्ता हे काय म्हणाले तेही तिने ऐकलं. घाबरून गेली असेल हो पोर. बोला तिच्याशी. थांबू नका."

ऐकते आहे. म्हणजे सकाळचंही... पण तो विचार छायाने पुरा होऊ दिला नाही. लेकरू आतमध्ये एकटं होतं. अंधारात, हाक मारता येत नाही, हात हलवता येत नाही, आणि बाहेर कुणी म्हणतंय गेली. छायाने वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं. शब्द सुचेना. देवाचं नावही सुचेना. मग जे सुचलं ते बोलली.

"सोनम, आयक. मी हाये. आईच हाये. डबा हाये माह्या हातात. वळख बरं, आज काय खिरापत हाये? हालवतो मी, आयकजो. वाजत नाई. मंग मुरमुरे नोहे. खोबऱ्याची वडी हाये का? नाई. शिरा हाये का? नाई बाप्पा, शिराबी नोहे. सांग ना, काय हाये?"

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती हेच बोलत राहिली, आणि अॅम्ब्युलन्समध्येही हेच. चंचल सिस्टर फुगा दाबत होत्या आणि छाया खिरापती मोजत होती. लाडू, केळं, शेंगदाण्याची चिक्की, पेढा. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. वर्ध्याचा रस्ता मांडवखेडातूनच जातो. भोंगा वाजवत गाडी पारावरून गेली, निळा दिवा भर उन्हात फिरत होता. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभं होतं, विमलाबाई त्या गर्दीत बसून मातीत हात आपटत होत्या. छायाने बाहेर पाहिलंच नाही.

कॅज्युअल्टीत तोच तरुण डॉक्टर होता. छायाने त्याला दारातच ओळखलं आणि एवढ्या धामधुमीतही तिची मान आपोआप खाली गेली. त्याने सोनमला ताब्यात घेतलं, तिच्या घशात नळी घातली, मशीनला जोडलं, आणि केंद्राचा कागद वाचून छायाकडे वळला. "आधी केंद्रात गेलात म्हणून हिला इथवर आणता आलं. सरळ इथे आला असता तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, पुढच्या पेशंटकडे गेला. त्याला छाया आठवली नव्हती. वर्षभर ती ज्याच्या धाकात जगली, त्या माणसाला तिचा चेहराही आठवत नव्हता.

मग मशीनचे दिवस सुरू झाले. ते किती होते हे छायाला कधी सांगता आलं नाही. मशीन फुस् करायचं, पोरीची छाती वर यायची. ओमप्रकाश युनिफॉर्म न बदलता आला तो तसाच बसून राहिला. "म्याच म्हनलं होतं तुले, आंधी फोन कर म्हून," एवढं एकदा बोलला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. गावातल्या गड्यांनी घरातला सगळा कापूस अंगणात उपसला, पोती झटकली, उंदरांची बिळं खणली. साप सापडला नाही. छायाने हे ऐकलं आणि त्या घरात पुन्हा कसं निजायचं, ह्या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

आधी पायाचा अंगठा हलला. मग भुवया. मग एका सकाळी पापण्या उघडल्या. नळी काढली त्या दिवशी विमलाबाई होत्या, ओमप्रकाश होता, आणि दाराशी प्रभाकरराव पिशवीत सीताफळं घेऊन उभे होते. आत यायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.

सोनमने बोटाने आईला जवळ बोलावलं. छाया वाकली. पोरीचा घसा खरखरत होता, शब्द श्वासासारखे येत होते.

"आई... लोकं हासले का वं?"

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. प्रभाकररावांनी पिशवी खाली ठेवली. छायाने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"नाई वं माय. कोनीच नाई हासलं."

"मंग बरं झालं," सोनम म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

"अगं सोनम! सोनम!" छाया एवढ्या जोराने किंचाळली की नर्स धावत आली. नर्सने नाडी पाहिली, छाती पाहिली. "झोपली आहे हो. साधी झोप आहे. झोपू द्या तिला."

साधी. छायाने मान हलवली. सगळे बाहेर गेले तरी ती तिथेच बसून राहिली, पोरीच्या नाकाखाली बोट धरून, आणि तिला जाग येईपर्यंत तिने ते काढलं नाही.